आईच्या नावाचं ताट

मलकापूर
७ ऑगस्ट २०२४

शैलू,

कोणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून हे आधी सांगून टाकते. सगळे आहेत. मीही आहे, आणि गुडघे सोडले तर ठणठणीत आहे.

पत्र लिहायचं कारण असं की तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस. टपाल खात्याला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, त्यामुळे पोस्टमन तुझ्या दारात येणार आणि तुला हे घ्यावं लागणार. वाचायचं की नाही ते तू ठरव. पण तू वाचशील. लहानपणी भेळेच्या कागदावरची जाहिरातसुद्धा तू सोडायची नाहीस.

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून तीन दिवस इथल्या डॉक्टर प्राचींच्या प्रसूतिगृहात जाते. तपासणीच्या खोलीत बसते, नव्या नर्स मुलींवर ओरडते, घरी येते. काल एक मुलगी आली. पोट मोठं, चालणं ऐटीत. मी नाव विचारलं तर ती माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत होती. केसपेपरवर लिहिताना पेन चालेना. गार्गी. माहेर पुणे. आईचं नाव शैलजा.

मी तिला शेवटचं पाहिलं ते अडीच वर्षांची असताना. मी काही बोलायच्या आत तिने फोनवर टाइप करून माझ्यासमोर धरलं, ‘तुम्ही अनुपमा मावशी ना? नाक आईचंच आहे.’ या नाकाने मला आयुष्यात पहिल्यांदाच काही मिळवून दिलं. मी तिथेच रडले आणि सर्दी झाली आहे असं सांगितलं.

देवेशरावांची महावितरणमधली बदली मलकापूरला झाली हे मला माहीत नव्हतं. जावई सालस आहे, फक्त घाबरट आहे. गार्गीला बत्तिसावा आठवडा आहे. गरोदरपणातली साखर निघाली, रोज इन्सुलिन घेते. प्रवास करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे, म्हणजे पहिलं बाळंतपण पुण्याला माहेरी हे आता विसर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला आमच्याकडे यावं लागेल. पोटाला पट्टे बांधून वीस मिनिटं बाळाच्या हृदयाचे ठोके कागदावर घ्यायचे. बाळ हललं की ठोके वाढायला हवेत, एवढंच बघायचं असतं.

आता दुसरी गोष्ट. जानेफळच्या माहेरी त्या दिवशी तुला आठवा महिना होता, बाळ सकाळपासून हललं नाही म्हणून तू रडत बसली होतीस. मी आईचं पितळी ताट तुझ्या पोटाजवळ धरून उलथन्याने वाजवलं आणि बाळाने लाथ मारली. पुढे गार्गीला ऐकू येत नाही हे कळलं आणि तुझ्या सासूबाईंनी त्याचा दोष म्हणून ते ताट माझ्या डोक्यावर ठेवलं. तूही ठेवलंस. मी ते एकदाच वाजवलं होतं, तेही तुझ्या काळजीपोटी. ताट आई गेल्यावर मोडीत देऊन टाकलं. या विषयावर मला आणखी काही लिहायचं नाही.

बाळंतपणाला तू इथे ये, एवढंच म्हणायचं होतं.

अनुताई


मलकापूर
२३ ऑगस्ट २०२४

शैलू,

तुझं उत्तर देवेशरावांच्या फोनवर पोचलं. ‘सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यामुळे निघता येत नाही. अनुताईने गार्गीच्या पोटाला हात लावू नये.’ दोन वाक्यं आणि एकही ख्यालीखुशाली नाही. तुझ्या लग्नाआधीच्या पत्रांत चार पानं नुसती मांजरीची असायची.

सासूबाईंच्या हाडाचं वाईट वाटलं. पण देवेशरावांनी मला परवाच्या सत्यनारायणाचे फोटो दाखवले. त्यात त्या दुसऱ्या पंगतीला ताठ बसून जिलबी खात आहेत. हाड चांगलंच जुळलेलं दिसतं.

तरी तुझा शब्द मी पाळते आहे. पट्टे आमच्या सोजराबाई बांधतात. त्या प्रसूतिगृहात माझ्याही आधीपासून आयाचं काम करतात, हाताला सराव आहे, पण बाळाचा ठोका कुठे लागतो हे त्यांना सांगावं लागतं. मी तीन फुटांवर हात मागे बांधून उभी राहते आणि म्हणते, जरा डावीकडे, जरा खाली. शुक्रवारी त्यांनी वैतागून पट्टा खाली ठेवला. “काऊन वो सिस्टर, तुमच्या हाताले काय मेंदी लागली काय? मलेच काऊन फिरवून राह्यल्या रिमोटसारखं?” गार्गीने ते ओठांवरून वाचलं आणि इतकी हसली की कागदावरची रेघ डोंगरासारखी वर गेली. बाळही हसलं असावं.

तुझी मुलगी लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये काम करते हे तुला माहीत आहेच. तिचं काम बघायला मी गेले होते. यंत्र नीट चालतं आहे का हे ती त्यावर हात ठेवून ओळखते. मालक सांगत होता की बिघाड बाकीच्यांना ऐकू येण्याआधी हिच्या तळव्याला कळतो. तू तिला आरशासमोर बसवून तोंडं वाचायला शिकवलंस, तेव्हा तू सव्वीस-सत्तावीसच होतीस ना? नाही, तीस. त्या काळात माझी नोकरी, माझा अहंकार आणि माझं गप्प बसणं चालू होतं. तू एकटीने केलंस. हे मी कधी म्हटलं नव्हतं, आता म्हणते.

गार्गी दर खेपेला विचारते, आई येणार का. मी म्हणते, येईल. खोटं पाडू नकोस.

अनुताई


मलकापूर
३ सप्टेंबर २०२४

शैलू,

आज फोनवर तू अर्धंच ऐकलंस आणि ठेवून दिलास, म्हणून उरलेलं लिहिते. सगळं छान आहे. आधी हे वाच, मग पाणी पी, मग पुढचं वाच.

काल पोळा झाला. आजही रस्त्यावर डफडी चालू होती. सकाळी अकराला गार्गीला पट्टे बांधले. ठोके एकशेतीस, रेघ सपाट. वीस मिनिटं झाली, बाळ हलेना. ताक पाजलं, कुशीवर वळवलं, परत वीस मिनिटं. सपाटच. खालून डफडं जात होतं तेव्हा सोजराबाई म्हणाल्या, “लेकरू झोपलं हाय वो. इतकं वाजून राह्यलं तरी उठून नाही राह्यलं. बापावर गेलं असन.” देवेशराव तेव्हा भिंतीला टेकून पांढरेफटक पडले होते.

डॉक्टर प्राचींनी खणातून बझर काढला. मुठीत मावतो, दाढीच्या मशीनसारखा घरघरतो. पोटावर तीन सेकंद टेकवायचा. आवाज आणि थरथर आत जाते, झोपलेलं बाळ जागं होतं आणि ठोके वाढतात. न वाढले तर सोनोग्राफी, आणि गरज पडली तर आजच सिझेरियन. देवेशरावांनी तुला फोन लावला आणि तू जे बोललीस ते स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. ते यंत्र लावू नका, एकीचे कान गेले तेवढे पुरे, आणि ती बाई तिथे असेल तर तिला खोलीबाहेर काढा.

मी पाणी प्यायला बाहेर गेले. खरं म्हणजे पाणी प्यायले नाही. कूलरजवळ रिकामा पेला धरून उभी होते.

दार उघडंच होतं. डॉक्टर तुला सांगत होत्या ते तू ऐकून घेतलं नाहीस, म्हणून इथे उतरवते. “काकू, असं यंत्र लावलेल्या बाळांचे कान पुढे मुलं मोठी झाल्यावर तपासले गेले आहेत. त्यामुळे ऐकणं बिघडल्याचं दिसलेलं नाही. तरी मी ते खेळणं म्हणून वापरत नाही. लवकरच्या महिन्यांत लावत नाही, कारण नसताना पुन्हापुन्हा लावत नाही. पण बाळ झोपलंय की दमलंय हे मला आत्ता कळायलाच हवं. ते न कळणं जास्त धोक्याचं आहे.”

इथे तू फोन ठेवलास. देवेशराव डॉक्टरांकडे बघतात, डॉक्टर देवेशरावांकडे. आणि गार्गी या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघते आहे, सगळे एकदम बोलत असल्यामुळे तिला एक शब्द कळत नाही. शेवटी तिने टेबलावर थाप मारली. “माझं पोट आहे. मला सांगा.”

देवेशरावांनी हातवारे करून सगळं सांगितलं. तू म्हणालीस तेही. ती म्हणाली, “लावा.” मग म्हणाली, “मावशी कुठे आहे? मावशीने लावायचा.”

मी दारातूनच नाही म्हणून मान हलवली. तुझा शब्द होता. ती म्हणाली, “आजी दर दिवाळीला ताटाची गोष्ट सांगते. मला सगळं माहीत आहे. तू लाव.”

मी लावला, शैलू. तुझ्या मुलीच्या पोटाला हात लावला. मोजून तीन सेकंद. गार्गीचे डोळे एकदम मोठे झाले, तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “मलाही आला.” आणि आतून अशी लाथ बसली की पट्ट्याची चकती सरकून खाली पडली. सोजराबाईंनी ती परत लावली तेव्हा ठोके एकशेअठ्ठावन्न होते. पुढची दहा मिनिटं तो कागद बघण्यासारखा होता. डॉक्टर म्हणाल्या, घरी जा आणि जेवा.

देवेशरावांनी सगळ्यांना पेढे वाटले. अजून काही झालेलं नाही हे कोणी त्यांना सांगितलं नाही.

अनुताई


मलकापूर
९ सप्टेंबर २०२४

शैलू,

त्या दिवसापासून जेवण गोड लागतं आहे आणि झोप मात्र लागत नाही. पहिल्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. त्या दुरुस्त करते.

ताट मी मोडीत दिलेलं नाही. ते माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे उभं आहे, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. काठावर ‘सौ. सरस्वतीबाई’ अजून स्पष्ट वाचता येतं. दर दसऱ्याला काढते, चिंच लावून घासते, परत गुंडाळते. त्यात कोणाला वाढत नाही.

दुसरी गोष्ट. मी एकदा वाजवलं नव्हतं, तीनदा वाजवलं होतं.

पहिल्या वेळी तुझी भीती घालवायची होती. बाळ हललं, तू हसलीस, तिथे संपायला हवं होतं. पण शेजारच्या बाया जमल्या होत्या. मी गावची नर्सबाई, चौतिशीची, अंगात वारं शिरलेलं. कोणीतरी म्हणालं, परत करून दाखवा. मी परत वाजवलं. तेव्हा तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, अनुताई, पुरे. ते मला ऐकू आलं होतं. सगळ्या बाया बघत होत्या म्हणून मी तिसऱ्यांदा वाजवलं. त्या वेळी बाळ हललंच नाही आणि मी सगळ्यांना हसून म्हटलं, आता मावशीची ओळख पटली वाटतं.

सत्तावीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की एका ताटाने कोणी बहिरं होत नाही. ते बहुधा खरंच आहे. मी डॉक्टर प्राचींना सगळं सांगून विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कारण सांगता येणार नाही, बऱ्याच मुलांचं ते कधीच सापडत नाही, पण ताटामुळे झालं असं मला वाटत नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पण सिस्टर, आठ महिन्यांची गरोदर बाई पुरे म्हणते तेव्हा थांबायचं असतं.” माझ्या निम्म्या वयाची डॉक्टर. बरोबर बोलली.

तू मला बहिरेपणासाठी दोष दिलास, आणि तो माझा नव्हता म्हणून मी ताठ राहिले. जो माझा होता तो तू कधी काढलाच नाहीस आणि मीही तुला आठवण करून दिली नाही. तू पुरे म्हणालीस आणि मी थांबले नाही. त्याबद्दल मला माफ कर.

अनुताई

(आई, इथून गार्गी लिहिते आहे. मावशीने पत्र पोस्टात टाकायला दिलं आणि पाकीट चिकटवलं नव्हतं, म्हणून मी वाचलं. मी कोणामुळे बिघडले हे तुम्ही सगळ्या इतकी वर्षं ठरवता आहात. मी बिघडलेली नाही. मी स्कूटर चालवते, पत्रिका छापते, देवेशला लग्नाचं मीच विचारलं. मी तुमच्या समोर बसलेली असते आणि तुम्ही माझं सुतक धरता. आजी ताटाची गोष्ट काढते तेव्हा तू उठून आत जातेस. मला फक्त तुझी पाठ दिसते, त्यामुळे तू काय म्हणतेस ते मला आजवर कळलेलं नाही. मला पंचवीस तारखेला दाखल करणार आहेत. तिथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतील. मला कोणाचंच काही कळणार नाही आणि मला त्याची भीती वाटते आहे. तुझे ओठ मला सगळ्यांत नीट वाचता येतात. तू ये.)


मलकापूर
१८ सप्टेंबर २०२४

शैलू,

थोडक्यात लिहिते. काल विसर्जनाच्या डीजेने आमच्या गल्लीतल्या खिडक्या थरथरल्या. दिवस भरत आले म्हणून गार्गी आता माझ्याकडेच राहते आहे, तिला मी आधीच मागच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. तीन सेकंदांच्या बझरवरून आपण भांडलो आणि हे भिंतीएवढे भोंगे तासन् तास चालू असतात. तुला सांगितलं असतं तर तू पुण्याहून येऊन त्यांची वायर उपटली असतीस, खात्री आहे.

पंचवीसला बुधवार आहे. मी त्या दिवशी रजा टाकली आहे. दवाखान्यात येणार नाही, तुझ्या समोर येणार नाही, घरी भाकरी करत बसेन. डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. तू आलीस तर तुला मास्क न लावता गार्गीच्या डोक्याशी उभं राहू देतील.

आता हे फक्त तुझ्यावर आहे.

अनुताई


मलकापूर
८ ऑक्टोबर २०२४

शैलू,

फोन वाजतो आहे. तुझं नाव दिसतं आहे, म्हणजे मला ब्लॉकमधून काढलंस. मी उचलत नाही. आधी हे पत्र पुरं करायचं आहे. तेरा दिवस तू माझ्याच घरात राहिलीस, पण बाळंतिणीचं पथ्य, धुरी आणि दुपटी यांतून आपलं धड बोलणं झालंच नाही. आणि समोरासमोर मला हे बोलताही आलं नसतं.

त्या बुधवारी मी खरंच भाकरी करत होते. सोळा झाल्या होत्या, खाणारी मी एकटी. तू सकाळच्या गाडीने उतरलीस हे मला कोणी कळवलं नव्हतं. आतलं सगळं मला सोजराबाईंनी नंतर सांगितलं. “तुमची बहीण लेकीच्या डोक्यापाशी उभी राह्यली अन् तोंडानं असं मोठ्ठं मोठ्ठं बोलत होती, आवाज नाही काही नाही. अन् पोरगी तिच्याकडंच पाहे. आमाले तर कोणी विचारलंच नाही.” दीड वाजता देवेशरावांचा फोन आला. त्यांना रडू येत असल्यामुळे काही सांगता येईना. मग फोन तू घेतलास. सत्तावीस वर्षांनी तू माझ्याशी बोललीस आणि म्हणालीस, “मुलगी झाली. तू घरी काय करते आहेस? ये ना इकडे.”

मी पिठाच्या हातांनीच रिक्षात बसले.

तिसऱ्या दिवशी कानांची तपासणी झाली तेव्हा तू बाहेर जप करत होतीस आणि मी तुझ्या शेजारी जप करते आहे असं दाखवत होते. गार्गी मात्र आत डॉक्टरांना सांगत होती, “काही निघालं तरी चालेल. मला हातांनी पण येतं आणि तोंडाने पण.” दोन्ही कान चांगले निघाले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण गार्गीचं वाक्य ऐकल्यापासून माझ्या आनंदाला थोडी लाजही वाटते.

आता रविवारचं बारसं. तू होतीस, तरी माझ्या बाजूने सांगते.

भार्गवी नाव ठेवून झालं, पाळणा म्हणून झाला, बाया घुगऱ्यांकडे वळल्या आणि गार्गी सरळ माझ्या स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यामागून ते गाठोडं घेऊन आली. ताट पाहून तुझा चेहरा उतरला. माझा आधीच उतरलेला होता. तिने ताटाखाली पसरलेला तळवा लावला, तुझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “वाजव. मला बघायचं आहे कसं लागतं ते.”

मी म्हटलं, नको गं बाई. डॉक्टर प्राची घुगऱ्या खात होत्या. त्या म्हणाल्या, “पाळणा त्या टोकाला न्या आणि हळू वाजवा.” तुझ्या हातात उलथनं कोणी दिलं ते मला अजून कळलेलं नाही. सोजराबाईंचं काम असावं.

पहिला ठोका दिलास. पाळण्यात भार्गवीने दोन्ही हात झपकन फाकवले. गार्गीचा चेहरा तू पाहिलास का? तिने तळवा घट्ट दाबला आणि म्हणाली, “आला.”

दुसरा दिलास. भार्गवीने ओठ काढले आणि बारीक रडली. बाया हसल्या.

मग तू थांबलीस. मी मनात म्हटलं, पुरे. तू चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. माझं पत्र तू वाचलं होतंस, आकडा तुला माहीत होता. आणि माझ्याकडे बघतच तू तिसरा ठोका दिलास, अगदी हळू.

भार्गवी हललीसुद्धा नाही. दोनदा ऐकून झाल्यावर तिला त्यात नवीन काही राहिलं नव्हतं. आणि तू सगळ्या बायांसमोर हसून म्हणालीस, “झाली मावशीआजीची ओळख.”

मी आत जाऊन कढईत चमचा फिरवत उभी राहिले. कढई रिकामी होती.

काल तू पुण्याला गेल्यावर मी शिरा केला आणि गार्गीला त्या ताटातच वाढला. तिने बोटाने आईचं नाव वाचलं आणि विचारलं, आपल्या तिघींची नावं घालायला जागा आहे का. काठावर आहे. भांडीवाल्याकडे देते आहे. तुझं नाव शैलजा घालू की शैलू, तेवढं सांग.

फोन परत वाजतो आहे. थांब, उचलते.

अनुताई